चटई उचलायची सकाळ

मुलांनो, जरा उभे राहा पाहू. दोन्ही पाय जवळ घ्या. आता मनातल्या मनात उजव्या पायाला सांगा, चल, उचल. आणि समजा, तो उचललाच नाही. दुखत नाही, मुंग्या आलेल्या नाहीत, कुणी बांधूनही ठेवलेला नाही. तुम्ही सांगताय आणि तो ऐकत नाही, एवढंच. तळवा जमिनीला असा चिकटलाय, की वाटावं खालून कुणीतरी घट्ट पकडून ठेवलंय. वरचं अंग मात्र पुढे निघालेलं आहे. आता काय कराल?

घाबराल. कुणीही घाबरेल. मासिनाचे आजोबा तीन वर्षं रोज असे घाबरत होते, आणि घरातल्या माणसांखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी पहाटे कुत्री भुंकली आणि एकाएकी गप्प झाली. मासिनाने मच्छरदाणीतून डोकं बाहेर काढलं. घराच्या खांबांमधल्या झापांच्या चिका अजून खाली सोडलेल्या होत्या. तिने एक बोटभर वर केली. समोरच्या हिरवळीवर, जिथे काल रात्री काहीच नव्हतं, तिथे बारीक विणीची एक भलीमोठी चटई पसरलेली होती. तिच्या कडेने पायांचे तळवे बाहेर आले होते. मधला भाग हळूहळू वर होत होता, खाली जात होता. चटई श्वास घेत होती.

"इफोगा," तिच्या मागे लूपेआत्या पुटपुटली. "आलेच शेवटी."

नऊ वर्षांच्या मासिनाने इफोगा कधी पाहिली नव्हती, पण ती काय असते हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ज्यांच्या हातून रक्त सांडलं ते लोक उजाडायच्या आधी येतात, डोक्यावरून चटई ओढून दारात बसतात, आणि शेजारी सरपण आणि चुलीतले काळे दगड रचून ठेवतात. म्हणजे असं, की हे आम्ही, हे लाकूड, हे दगड. डुकरासारखं भाजायचं तर भाजा. घराचा मुखिया बाहेर येऊन आपल्या हाताने चटई उचलतो आणि तिथे वैर संपतं. त्याने उचलली नाही, तर चटईखालच्यांना उठायचा हक्क नाही आणि बाहेरच्यांच्या हाताला कुणाची आडकाठी नाही. मासिनाच्या खापरपणजोबांनी एकदा चटई उचलली नव्हती. त्या दुपारी दोन माणसं मेली, आणि ते वैर मिटायला पुढे चाळीस वर्षं लागली, हे या घरातल्या प्रत्येक मुलाने झोपताना ऐकलेलं होतं.

आता चटईखाली होते ते नदीपलीकडच्या गावचे. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या पौलोच्या गाडीने ओनोसाईला उडवलं. ओनोसाई पेतेलोकाकाचा मुलगा, सोळा वर्षांचा, रग्बीच्या मैदानावरून घरी येत होता. त्याला बोटीने पलीकडच्या बेटावर, आपियाच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पेतेलोकाका कालच्या शेवटच्या बोटीने परत आला होता, आणि आल्यापासून त्याने भाताचं शीतसुद्धा तोंडात घातलं नव्हतं.

लूपेआत्याने बिस्किटांच्या डब्यातून आजोबांची गोळी काढली. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं होतं आणि दिवसातून पाच वेळा गोळी लावून दिली होती. सकाळची गोळी पोटात गेल्यावर पाय सुटायला तासभर लागे. तोपर्यंत आजोबा म्हणजे घरातलाच एक खांब.

"तासभर बसू दे त्यांना," आत्या म्हणाली. "बसवायचंच असतं. त्यात कुणाला वावगं वाटणार नाही. तोवर पाय सुटतील, मग ताठ चालत जा आणि उचला."

आजोबा काहीतरी बोलले. एके काळी त्यांचं भाषण समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांवर मासे मारणाऱ्यांना ऐकू जायचं असं गाव सांगे. आता आवाज गळ्यातून निघून ओठांपाशीच संपायचा. मासिना जवळ झोपायची म्हणून तिला तो कळे.

"आजोबा म्हणतायत, पेतेलोकाका कुठे आहे?"

काका नीरफणसाच्या झाडाखाली उभा होता. त्याच्याबरोबर त्याच्या वयाच्या आसपासचे पाचसहा जण. 

आत्याने आजोबांना त्यांच्या खांबाला टेकवून बसवलं, नवी लुंगी नेसवली, गळ्यात तुइलोमाची, म्हणजे घराच्या मुखियाची, बियांची माळ घातली. हे काम तिच्या हातचं होतं. पाहुणे येण्याआधी त्यांना बसवायचं, आणि शेवटचा पाहुणा कुंपणाबाहेर गेल्याशिवाय उठू द्यायचं नाही. त्यामुळे गावात झालं होतं काय, की तुइलोमा म्हातारपणी माजलाय, कुणाला निरोप द्यायलासुद्धा उठत नाही, अशी बोलवा उठली होती. आत्याच्या कानावर ती आली तेव्हा ती म्हणाली होती, माज चालेल, आजार नको. माजलेल्या माणसाला सभेत बोलायला उभं करतात. आजाऱ्याला घरी बसवतात, आणि बोलायचा मान एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही. आजोबांनीही मान डोलावली होती, किंवा ती आपोआप डुलली असेल.

ऊन अजून आलं नव्हतं. जास्वंदीच्या कुंपणाबाहेर माणसं जमू लागली. पाद्रीबाबांची बायको आली, दुकानदार आला, शाळेतल्या दोघी आल्या. कुणी आत आलं नाही.

"मासिना, पंखा घे आणि माझ्याबरोबर चल," आत्या म्हणाली. ती एकटी जायला घाबरते आहे हे मासिनाला पंखा उचलताना कळलं.

पेतेलोकाकाच्या हातात दगड होता. नारळाएवढा, काळा, चुलीत भाजून भाजून गुळगुळीत झालेला. चटईशेजारच्या ढिगातला एक कमी झाला होता.

"पेतेलो, तो खाली ठेव," आत्या म्हणाली.

"त्यांनीच आणलाय, ताई. मी फक्त हातात घेतलाय."

बहिणीशी बोलताना काका तिच्या तोंडाकडे बघत नसे. आमच्यात भाऊ बघत नाहीत; बहिणीपुढे आवाज चढवला तर आईबापाला शाप लागतो म्हणतात. म्हणून तो दगडाकडे बघत बोलत होता, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

आत्याने त्याला सांगितलं, की बाबा चटई उचलणार आहेत, काल रात्रीच ठरलंय त्यांचं. पौलो एकोणीस वर्षांचा आहे, दारू प्यायलेला नव्हता, अंधारात पूल उतरताना त्याला पोरगा दिसला नाही. ओनोसाई शुद्धीवर आहे, काल त्याने आईकडे कोको मागितला. काका सगळं ऐकून घेत होता.

"त्याने मला काय विचारलं माहीत आहे?" तो म्हणाला. "म्हणाला, बाबा, माझा तो पाय कुठे ठेवलाय? पुरला का? त्याला बघायचा होता." त्याने चटईकडे हनुवटी केली. "आणि हे चौदा पाय घेऊन आलेत माफी मागायला. मी मोजले."

मासिनाने पण मोजले होते. चौदाच होते.

"थोडा वेळ दे," आत्या म्हणाली. "आत्ताच गोळी घेतलीय त्यांनी."

"माझ्या पोराच्या पायाचा निवाडा आता गोळी करणार?"

मागचा एकजण हसला आणि लगेच थांबला. त्याला गोळी कसली ते ठाऊक नव्हतं. आत्याचा चेहरा उतरला. काकाच्या ते लक्षात आलं, कारण त्यानेही ही गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवली होती. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "त्या उंच नारळाच्या शेंड्यावर ऊन येईपर्यंत थांबतो. तू सांगतेस म्हणून. पुढे मला बहीण नाही."

असं वाक्य आमच्या गावात कुणी उच्चारत नाही. आत्याने पदर सावरावा तशी खांद्यावरची शाल उगाच सावरली आणि तिथेच उभी राहिली, भावाच्या आणि चटईच्या मधोमध. मासिनाला तिने हाताने घराकडे पिटाळलं.

आजोबांनी विचारलं, "चटईखाली कोण कोण आहे?"

"तोंडं दिसत नाहीत. एक जोडी खूप म्हातारी आहे, आजोबा. टाचांना एवढाल्या भेगा."

"लेवासा." आजोबांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, विडी वळल्यासारखा. तो झोपेतच काय तो थांबे. "पौलोचा चुलत आजा. त्याला दमा आहे. त्याने यायलाच नको होतं."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं, की ते स्वतः एकोणीस वर्षांचे असताना एका चटईखाली बसले होते. त्यांच्या आजाने उचलली नव्हती त्या चटईचं वैर मिटवायला घरातला एक तरुण लागणार होता, तो तरुण म्हणजे ते. लेवासाच्या बापाच्या दारात. बाहेरून दिसतो तो सगळा रिवाज असतो, ते म्हणाले. आतून दिसतं फक्त गवत. आपलं गवत, आणि शेजारच्याचा घाम. कुणाचं पाऊल वाजलं की वाटतं हे दगडाचं की हाताचं.

"मग उचलली कुणी?"

"लेवासाच्या बापाने. पण त्याआधी पंखा घेऊन चटईखाली वारा घालायला आला होता तो लेवासा."

बाहेर कुणीतरी खोकलं. चटई मधोमध उसळली. पुन्हा खोकला, कोरडा, ओढून काढल्यासारखा. आजोबा कान देऊन ऐकत होते. पाच वेळा, सहा वेळा. मग एकदम काही नाही. चटईचा तो भाग हलायचा थांबला आणि भेगाळलेल्या टाचा बाजूला कलंडल्या.

"उठव मला," आजोबा म्हणाले.

"गोळी अजून पोहोचली नाहीये."

"उठव, मासिना."

तिने त्यांच्या पुढ्यात बसून दोन्ही हात धरले आणि नेहमीसारखं झुलवलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या झोक्याला ते उभे राहिले. सुरुवातीला पावलं पडली, लहान लहान, घाईघाईची, स्वतःच्याच डोक्याला गाठायला पळत असल्यासारखी. खांबापासून जोत्याच्या कडेपर्यंत ते असे गेले. मासिनाने दोरी ओढून चीक वर केली. पुढे एक दगडी पायरी, मग हिरवळ, मग चटई. पायरीपाशी पाय थांबले.

आता बाहेरच्यांना काय दिसलं ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर होतं. त्यांना दिसला तुइलोमा. कुणासाठी न उठणारा तुइलोमा आज उठला, जोत्याच्या कडेला आला, गळ्यात माळ, पाठ थोडी वाकलेली, तोंडावरची एक रेष हलत नाही. त्याने चटईकडे पाहिलं, आणि तो उतरला नाही. कंपवाताने चेहराही गोठतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना दिसला नकार.

कुंपणावरून एक बारीक कुजबुज पसरत गेली. पाद्रीबाबांची बायको रडू लागली. कुणीतरी आपल्या मुलाला हाक मारून घरी पाठवलं. चटईखालून एक तरुण आवाज दबकत म्हणत होता, आबा, आबा, ऐकताय ना.  झाडाखालचे पाचसहा जण सावरून उभे राहिले.

"बघ ताई," काका म्हणाला. "बाबांनीही ठरवलं."

"पाय अडलेत त्यांचे. तुला माहीत आहे."

"मग सांग की गावाला. मोठ्याने सांग. आमच्या तुइलोमाचं त्याचेच पाय ऐकत नाहीत म्हणून सांग."

आत्याने तोंड उघडलं. तिने कुंपणाकडे पाहिलं, तिथल्या एकेका तोंडाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. तीन वर्षांचं खोटं एका श्वासात बाहेर पडत नाही. ती घराकडे धावली आणि आजोबांचा दंड धरला.

"ओढू नकोस," आजोबा म्हणाले. तिने लगेच सोडला. मागच्या महिन्यात काकाने त्यांना असंच ओढलं होतं. अंग आलं, पाय राहिले, आणि आजोबा तोंडावर पडले होते. कपाळावरची खूण अजून होती.

मासिना त्यांच्या पायांशी उकिडवी बसली. मोठी माणसं आजूबाजूला असताना मुलाने उभं राहायचं नसतं. तिथून तिला त्यांची पावलं दिसत होती. बोटं जोत्यावर अंथरलेल्या चटईत रुतली होती. गुडघे थरथरत होते, चालल्यासारखे. चालत नव्हते ते फक्त तळवे.

एक गोष्ट तिला माहीत होती. तिला आणि आजोबांना, तिसऱ्या कुणाला नाही.

पावसाळ्यातल्या एका दुपारी ती पाय लांब करून खांबाशी बसली होती. मोठ्यांच्या दिशेने पाय करून बसणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत मारल्यासारखंच. तिला ते कळत होतं, पण घरात कुणी नव्हतं, नुसते आजोबा होते, आणि ते मागच्या खांबापाशी अडून उभे होते. ती पाय आवरणार तेवढ्यात आजोबांनी तिच्या पायाकडे पाहिलं, आपला पाय उचलला, तो ओलांडला आणि चालू लागले. दोघंही थक्क. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. दर वेळी जमलं. असं का होतं ते डॉक्टरही सोपं करून सांगत नाहीत. पण नुसतं चालायची वाट बंद झाली तरी काही ओलांडून जायची वाट कधीकधी उघडी राहते. मग एकदा आत्याने ते पाहिलं. पोरगी म्हाताऱ्याच्या पायात पाय घालते आहे, एवढंच तिला दिसलं, आणि तिने मासिनाला अशी चपराक दिली की कानात दिवसभर गुणगुणत होतं. आजोबांनी खुलासा केला नाही. रात्री तिला म्हणाले, हे आपलं घरातलं. बाहेर मुळीच नाही. मुखिया नातीच्या तळव्यावरून चालतो, हे गावाने बघायचं नाही.

उंच नारळाचा शेंडा पिवळा झाला होता. काका झाडाखालून निघाला. धावत नव्हता. एकेक पाऊल टाकत येत होता, दगड मांडीशी लोंबत होता, आणि मागून ते बाकीचे.

मासिनाने वर पाहिलं. आजोबांना मान वळवता येत नव्हती, पण डोळे वळत होते. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं. मग कुंपणाकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

 थोबाडीत बसेल याची भीती आता तिला नव्हती. आजोबांचं नाव कायमचं जाईल, आणि ते आपण घालवलेलं असेल, याची होती. आणि ते घालवलं नाही, तर त्या चौदा पायांचं काय होईल, याची.

ती उठली. मोठ्यांच्या पुढून जाताना म्हणतात तो शब्द ती म्हणाली, "तुलोऊ." माफ करा, मी आडवी जाते आहे. नेहमी तो ओठातल्या ओठात म्हणतात. तिने तो कुंपणापर्यंत जाईल असा म्हटला. मग ती पायरीवर उतरली, आणि आपला उघडा, चिखल लागलेला उजवा पाय घराच्या मुखियाच्या बोटांपुढे आडवा ठेवला.

कुंपणावर सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. "मासिना," आत्या म्हणाली, आणि तिचा हातही वर गेला.

"डोळे उघडा, आजोबा. पाय बघा."

त्यांनी बघितलं. खालून ज्याने धरून ठेवलं होतं त्याने सोडलं. पाय उचलला, तिच्या घोट्यावरून गेला आणि पायरीवर टेकला. आत्याचा हात वर तसाच राहिला.

"तुलोऊ," मासिना म्हणाली आणि पुढचा पाय ठेवला.

पायरीपासून चटईपर्यंत अकरा पावलं होती. अकरा वेळा तिने माफी मागितली आणि अकरा वेळा पाय आडवा घातला. चौथ्या पावलाला दुकानदार हळूच म्हणाला, "अडतात. पाय अडतात त्यांचे." सहाव्याला ते सगळ्या कुंपणाला कळलं होतं. आत्या पायरीवर बसली आणि तिने तोंडावर शाल घेतली. मासिनाला फक्त गवत दिसत होतं, आजोबांची बोटं, आणि पलीकडून येणारे काकाचे पाय.

ते दोघं चटईपाशी एकाच वेळी पोहोचले. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला आजोबा. आजोबांनी वाकून चटईची कड धरली. हात थांबत नव्हता, त्यामुळे सगळी चटई थरथरू लागली आणि खाली कुणीतरी हुंदका दिला. काकाचा दगड धरलेला हात कोपरात वाकला. आजोबांनी चटई उचलली.

सातांपैकी पाच माणसं गवतावर कपाळ टेकून होती. एकजण बाजूला कलंडलेला, ओठ निळसर, तोंड उघडं. त्याच्या डोक्याखाली एका मुलाने आपला हात घातला होता. मुलाने डोळे गच्च मिटले होते आणि खांदे कानांपर्यंत चढवले होते, वरून काहीतरी पडण्याची वाट बघत. तो पौलो असणार. तो ओनोसाईपेक्षा फार मोठा दिसत नव्हता.

गार वारा लागला तशी म्हाताऱ्या लेवासाची छाती एकदा हलली. मग पुन्हा हलली. खोकला आला. तो ऐकून मासिनाला जितकं बरं वाटलं तितकं कशानेच वाटलं नव्हतं.

आजोबा वाकूनच काहीतरी म्हणाले. एका मासिनालाच ते ऐकू आलं: "आत फार गरम होतं ना, लेवासा?" आणि मग, "घरात चला."

पण मुखियाचे शब्द मुलाने मोठ्याने बोलायचे नसतात.  सगळे वाट बघत राहिले. तेव्हा चटई उचलल्यावर काय म्हणायचं असतं ते ठाऊक असलेली लूपेआत्या पायरीवरून उठली, तोंडावरची शाल काढली आणि चर्चमध्ये वापरते त्या आवाजात म्हणाली, "तुइलोमांचा आवाज बसलाय. त्यांच्या वतीने मी सांगते. ते म्हणतायत, घरात चला."

 दगड अजून काकाच्या हातातच होता.

आता यजमान आधी चढतो, मग पाहुणे. तो चढल्याशिवाय कुणी पायरीला पाय लावत नाही. मासिनाने आजोबांना त्याच वाटेने, त्याच माफीने परत आणलं. मागे लेवासा, पौलोच्या खांद्यावर रेललेला, आणि बाकीचे पाच, ढोपरांना गवत चिकटलेले. पायरीपाशी आजोबा पुन्हा थांबले.

तिने पाय पायरीवर आडवा ठेवला. आजोबांनी पाहिलं. पाय हलला नाही. उतरणं निराळं, चढणं निराळं. तिने सरकवून पुन्हा ठेवला. तिची पोटरी आता लटलट कापत होती. इतक्या लहान, कापणाऱ्या पायाशेजारी आपला भार टाकायला ते धजत नव्हते हे तिला कळत होतं. "चिरडेल तुझा," ते पुटपुटले. मागे लेवासाला धाप लागली. झाडाखालची माणसं चटईच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकली होती आणि काकाकडे बघत होती. अजून काहीही होऊ शकत होतं.

मग तिला मागून पावलं ऐकू आली. जड, सावकाश. ती तिच्या अगदी शेजारी येऊन थांबली.

वर बघायची तिची छाती झाली नाही. खाली बघितलं. काकाचे पाय. रुंद, अंगठ्याचं नख चिरलेलं, घोट्यांवर अजून बोटीच्या धक्क्यावरची पांढरी धूळ. इस्पितळातून आल्यावर त्याने पायसुद्धा धुतले नव्हते. आणि त्यांच्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, हातात लटकलेला काळा दगड.

"कसं करतेस ते?" वरून आवाज आला. त्यात राग होता की काय होतं, तिला सांगता आलं नसतं.

तोंडाने सांगायला गेली असती तर ती रडली असती. ती गवतात खाली बसली. दोन्ही हातांनी तिने काकाचा डावा घोटा धरला आणि पायरीकडे ओढला. पाय जमिनीत गाडल्यासारखा होता. तिने गुडघे टेकले आणि पुन्हा ओढला.

"तुलोऊ, काका," ती म्हणाली.

पाय हलका झाला. पाठीमागे गवतावर काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला, पण ती वळली नाही. काकाचा पाय पायरीवर, आजोबांच्या बोटांपुढे, नीट आडवा ठेवायचा होता, आणि ती तो ठेवत होती.